शिसे-विषबाधेचा प्रतिबंध

हवा, पाणी, अन्न, माती, रंग, भांडी इत्यादींच्या मार्गे शरीरात जाणारे शिसे उगमापाशीच अडवून त्यापासून होणारे विकार टाळण्याच्या उपायांना शिसे-विषबाधेचा प्रतिबंध असे म्हणता येईल. परिसरातील विषारी द्रव्यांशी येणारा संपर्क कमी करून रोग टाळण्याचे जे प्रयत्न आजवर झाले, त्यांत शिशाविरुद्धच्या प्रयत्नांचा इतिहास फार जुना व बोधक आहे. या धातूचे विषारीपण सु. दोन हजार वर्षांपासून ज्ञात होते. तरीही विसाव्या शतकात तो जितक्या प्रमाणात हवेत व मातीत पसरविला गेला, तितका त्यापूर्वी कधीही पसरला नव्हता. ज्ञान आणि कृती यांत पडलेले हे अंतर कशामुळे पडले व ते कोणत्या उपायांनी कमी झाले, हे या इतिहासातून स्पष्ट होते.

शिसे हा जड, मऊ आणि ३२७° से. इतक्या कमी तापमानास वितळणारा धातू आहे. गॅलेना या खनिजापासून तो सहज मिळतो, लवकर गंजत नाही आणि हवा तसा वाकविता येतो. त्यामुळे पाण्याचे नळ, छपरांचे पत्रे, मुद्रणाचे खिळे, बंदुकीच्या गोळ्या, डाख व अलीकडे विद्युत् घटमाला असे त्याचे उपयोग होत आले. त्याची संयुगेही तितकीच परिचित आहेत. मुरदाडशिंग हे पिवळसर ऑक्साइड औषधांत व काच-झिलईच्या कामात, सफेता हे पांढरे कार्बोनेट रंगकामात, तर शेंदूर हे तांबडे ऑक्साइड रंगात व गंजरोधक लेपात वापरले जाते. महाराष्ट्रात मारुती, गणपती आदी देवतांच्या मूर्तींवर तेलात कालवून जे लेप चढविले जातात, तो परंपरागत शेंदूर म्हणजे हेच शिशाचे संयुग होय. आयुर्वेदातील नागभस्मही शिशापासूनच तयार करतात. हा धातू घराघरांत इतका रुळलेला होता, की त्याच्याविषयी संशय घेणे कोणाला सुचत नसे.

शरीराला शिशाची कोणतीही गरज नाही. तथापि रासायनिक वर्तनात ते कॅल्शियमासारखे असल्यामुळे शरीर त्याला कॅल्शियम समजून स्वीकारते. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढाच्या आतड्यातून सु. एकदशांश भाग शोषला जातो, तर लहान मुलांच्या आतड्यातून ४० ते ५० टक्के शोषला जातो. आहारात लोह व कॅल्शियम यांची कमतरता असल्यास हे प्रमाण आणखी वाढते. म्हणजे ज्या मुलाला पोटभर व सकस अन्न मिळत नाही, त्याच्याच शरीरात शिसे अधिक साठते. रक्तातील शिसे काही आठवड्यांत घटू लागते; परंतु त्याचा मोठा भाग हाडांत जाऊन बसतो व तेथे दशकानुदशके राहतो. गरोदरपणात आईच्या हाडांतील कॅल्शियम गर्भाकडे जाते, तेव्हा जुने शिसेही त्याबरोबर वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. हीमोग्लोबिन हे रक्तातील लाल द्रव्य तयार करणाऱ्या एंझाइमांवर शिसे आघात करते, त्यामुळे रुग्ण पांढुरका पडतो. मोठ्या मात्रेने तीव्र पोटशूळ, बद्धकोष्ठ, मनगट लुळे पडणे, मूत्रपिंडांचे विकार, झटके व मृत्यू हे परिणाम होतात. अल्प मात्रेचे परिणाम मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. बुद्धीची वाढ, लक्ष टिकविण्याची शक्ती आणि पुढील वयात रक्तदाब यांवर ते होतात. या अदृश्य परिणामांमुळेच प्रतिबंधाचा वाद अनेक दशके लांबला.

प्राचीन काळ : इ. स. पू. दुसऱ्या शतकातील निकँडर या ग्रीक वैद्य-कवीने सफेता व मुरदाडशिंग यांच्या विषबाधेची लक्षणे नोंदविली आहेत. रोमन वास्तुकार व्हिट्रूव्हिअस (इ. स. पू. पहिले शतक) याने पिण्याच्या पाण्यासाठी शिशाऐवजी भाजलेल्या मातीचे नळ वापरावेत असे सुचविले आणि पुरावा म्हणून शिशाचे काम करणाऱ्या कारागिरांच्या निस्तेज वर्णाकडे बोट दाखविले. रोमन लोक द्राक्षरस शिशाच्या भांड्यांत आटवून त्याचा गोड पाक मद्यात व पक्वान्नांत घालीत. रोमचे साम्राज्य शिशामुळे लयाला गेले, हे मत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बरेच गाजले. परंतु एवढ्या मोठ्या घटनेचे ओझे एका धातूवर टाकणे योग्य नव्हे. रोमच्या जुन्या बंदरातील गाळाच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नळाच्या पाण्यातील शिसे स्थानिक झऱ्यांच्या पाण्यातील शिशाच्या सु. शंभरपट असल्याचे आढळले, तथापि केवळ पाण्यामुळे मोठी हानी झाली असेल, असे संशोधकांनाही वाटले नाही.

मद्य व सफरचंदाची आंबविलेली पेये : आंबट झालेल्या मद्यात मुरदाडशिंग टाकले, की त्याचे शिशाच्या ॲसिटेटात रूपांतर होते. हे लवण चवीला गोड असल्यामुळे नासलेले मद्यही विकण्याजोगे होई. जर्मनीतील उल्म येथील नगरवैद्य एबरहार्ड गोकेल यांनी १६९० नंतरच्या दशकात मठांतील साधूंमध्ये पसरलेल्या तीव्र पोटशुळाचा माग काढला. जे साधू मद्य घेत नसत त्यांना हा विकार होत नव्हता, या एका निरीक्षणावरून ते मद्यापर्यंत व तेथून मुरदाडशिंगापर्यंत पोहोचले. व्ह्यूर्टेंबेर्गच्या ड्यूकने १६९६ साली मद्यात मुरदाडशिंग मिसळणाऱ्यास देहान्त शिक्षा फर्माविली. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स वसाहतीने १७२३ मध्ये रम गाळण्याच्या यंत्रांत शिशाचे भाग वापरण्यास बंदी केली.

यापेक्षाही पद्धतशीर असे काम इंग्लंडमधील वैद्य सर जॉर्ज बेकर यांनी केले. डेव्हन परगण्यात सफरचंदाच्या हंगामानंतर पोटशूळ व हातांचा लुळेपणा यांची साथ दरवर्षी येई. आंबट पेय अतिप्रमाणात घेतल्याचा तो परिणाम आहे, अशी सर्वसाधारण समजूत होती. बेकर यांनी विचारलेला प्रश्न साधा होता : हेरफर्ड परगण्यातही लोक तेच पेय तितकेच पितात, मग तेथे हा रोग का नाही? डेव्हनमध्ये रस काढण्याच्या दगडी घाण्यांचे सांधे शिशाने भरलेले असत व काही ठिकाणी चरकांना आतून शिशाचा पत्रा लावलेला असे. हेरफर्डमध्ये तसे नव्हते. त्यांनी डेव्हनच्या पेयातून रासायनिक रीतीने शिसे काढून दाखविले व १७६७ मध्ये आपला निबंध लंडनच्या वैद्यक महाविद्यालयापुढे वाचला. बेकर स्वतः डेव्हनचे होते. तरी, किंबहुना म्हणूनच, परगण्याच्या धंद्याला बट्टा लावल्याबद्दल त्यांच्यावर स्थानिक लोकांनी कडक टीका केली. तथापि हळूहळू घाण्यांतील शिसे काढले गेले आणि काही दशकांत हा रोग जवळजवळ दिसेनासा झाला. येथे कोणत्याही रुग्णाला नवे औषध मिळाले नव्हते. घाणे तेवढे बदलले होते.

बेंजामिन फ्रँक्लिन हे तरुणपणी मुद्रक होते व थंडीत खिळे तापवून वापरणाऱ्या जुळाऱ्यांच्या हातांना होणारा त्रास त्यांनी पाहिला होता. १७८६ साली एका मित्राला शिशाच्या दुष्परिणामांविषयी लिहिलेल्या पत्राच्या शेवटी, उपयुक्त सत्य ठाऊक होऊनही ते सर्वांच्या आचरणात येण्यास किती काळ लागतो, याबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला आहे.

कारखाने : औद्योगिक क्रांतीनंतर शिशाची विषबाधा हा प्रामुख्याने कामगारांचा रोग झाला. पॅरिसमधील तांकरेल द प्लांश यांनी १८३९ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ बाराशेहून अधिक रुग्णांच्या निरीक्षणावर आधारलेला होता व त्यांत रंगारी आणि सफेत्याच्या कारखान्यांतील कामगार यांचा मोठा भरणा होता. ब्रिटनमध्ये सफेत्याच्या कारखान्यांत भट्ट्या भरण्याचे व रिकाम्या करण्याचे सर्वांत धोक्याचे काम गरीब स्त्रियांकडे असे. मृत अपत्ये, गर्भपात व झटक्यांनी येणारे मृत्यू यांच्या हकिगती पुढे आल्यावर १८९८ मध्ये या कामांवर स्त्रियांना घेण्यास बंदी करण्यात आली. त्यापूर्वी १८९५ च्या कायद्याने शिशाच्या विषबाधेचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळविणे वैद्यांवर बंधनकारक झाले होते. १९०० साली असे हजाराहून अधिक रुग्ण नोंदले गेले.

ब्रिटनचे पहिले वैद्यकीय कारखाना-निरीक्षक टॉमस लेग यांची नेमणूक १८९८ मध्ये झाली. त्यांच्या अनुभवाचे सार असे, की मालकाने आपल्याकडून शक्य ते सर्व केल्याशिवाय कामगार स्वतःच्या रक्षणासाठी जवळजवळ काहीच करू शकत नाही; धूळ शोषून घेणारे पंखे, ओल्या पद्धतीने घासकाम यांसारखे उपाय कामगाराच्या इच्छेवर व सवयीवर अवलंबून नसतात, म्हणून ते यशस्वी होतात, तर हात धुवा, मुखवटा लावा अशा सूचना फोल ठरतात. प्रतिबंधक वैद्यकाचे हे तत्त्व पुढे कारखान्याबाहेरही तितकेच लागू पडले. फ्रान्सने १९०९ मध्ये इमारतींच्या रंगकामात सफेता वापरण्यास बंदी करणारा कायदा केला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९२१ साली जिनीव्हा येथे इमारतींच्या अंतर्भागातील रंगकामापुरता त्यास मनाई करणारा करार संमत केला. ब्रिटिश सरकारने तो स्वीकारण्याचे नाकारले, तेव्हा लेग यांनी १९२६ मध्ये निषेध म्हणून आपल्या पदाचा राजीनामा दिला.

क्वीन्सलंडमधील मुले : विषबाधेची हकिगत कारखान्यातून घरात आली ती ऑस्ट्रेलियात. ब्रिस्बेन येथील बालरोगतज्ञ जेफरिस टर्नर यांनी १८९२ मध्ये मुलांतील शिसे-विषबाधेचे रुग्ण प्रथम नोंदले. परंतु उगम सापडेना. पाणी, भांडी, खेळणी सर्व तपासून झाली. अखेर नेत्रतज्ञ जॉन लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ साली तो दाखवून दिला. त्यांच्याकडे दृष्टितंत्रिकेला सूज येऊन अंधत्वाकडे झुकलेली मुले येत. क्वीन्सलंडमधील घरे लाकडी, चोहोबाजूंनी व्हरांडे असलेली. व्हरांड्यांचे कठडे सफेत्याच्या रंगाने रंगविलेले असत, प्रखर उन्हाने तो रंग भुकटीसारखा सुटे व कठड्याला धरून खेळणाऱ्या मुलांच्या हातांना लागे. नखे कुरतडण्याच्या वा अंगठा चोखण्याच्या सवयीने तो पोटात जाई. गिब्सन यांचे निदान सहजासहजी मान्य झाले नाही. तथापि १९२२ मध्ये क्वीन्सलंडच्या विधिमंडळाने मुलांचा हात पोहोचेल अशा ठिकाणी शिशाचा रंग लावण्यास बंदी करणारा कायदा केला. उशीर किती महाग पडला, हे पुढे दिसले. बालपणी विषबाधा झालेली अनेक माणसे प्रौढपणी मूत्रपिंडांच्या चिरकारी विकाराने अकाली मरण पावत असल्याचे १९२९ पासूनच्या अभ्यासांतून आढळून आले.

अमेरिकेत याच काळात शिशाच्या रंगाच्या उत्पादकांनी लहान मुलांसाठी चित्रे रंगविण्याची पुस्तके काढून आपल्या मालाची जाहिरात चालविली होती. तेथे निवासी इमारतींसाठी अशा रंगावर देशव्यापी बंदी १९७८ साली, म्हणजे क्वीन्सलंडनंतर ५६ वर्षांनी आली.

पेट्रोल : मोटारीच्या एंजिनात इंधन अवेळी पेटले म्हणजे ठोके बसतात व शक्ती वाया जाते. जनरल मोटर्स या कंपनीच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना ९ डिसेंबर १९२१ रोजी असे आढळले, की टेट्राएथिल लेड हे शिशाचे कार्बनी संयुग पेट्रोलमध्ये अत्यल्प प्रमाणात मिसळल्यास ठोके थांबतात. अल्कोहॉल मिसळूनही हे साधते, हे मिजली यांना ठाऊक होते. परंतु अल्कोहॉलवर एकस्व मिळणे शक्य नव्हते. नव्या इंधनाची विक्री फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायओ राज्यातील डेटन येथे सुरू झाली. त्याला 'एथिल' असे नाव देण्यात आले. शिसे हा शब्द नावातून वगळला गेला होता. (शीतकपाटांतील क्लोरोफ्ल्युओरोकार्बने ही पुढे ओझोन स्तराला घातक ठरलेली द्रव्येही मिजली यांचेच कार्य होय.)

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील तेलशुद्धीकरण केंद्रात हे संयुग बनविणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले व सु. ३५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. मिजली यांनी वृत्तपत्र-प्रतिनिधींपुढे त्या द्रवाने हात धुवून तो निर्धोक असल्याचे दाखविले. ते स्वतः त्याच्या आदल्या वर्षी शिशाच्या विषबाधेने आजारी पडून विश्रांतीसाठी गेले होते, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. मे १९२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी वॉशिंग्टन येथे परिषद बोलाविली. हार्व्हर्ड विद्यापीठातील औद्योगिक वैद्यकाच्या तज्ञ ॲलिस हॅमिल्टन आणि येल येथील शरीरक्रियावैज्ञानिक यँडेल हेंडरसन यांनी सार्वजनिक हवेत शिसे सोडण्यास विरोध केला. कारखान्यातील कामगारावर देखरेख ठेवता येईल, रस्त्यावरच्या माणसावर कशी ठेवणार, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. परिषदेनंतर नेमलेल्या समितीने काही महिन्यांच्या पाहणीवरून जानेवारी १९२६ मध्ये बंदी घालण्यास सबळ कारण नाही, मात्र अभ्यास चालू राहावा, असा अहवाल दिला. हा अभ्यास पुढे चाळीस वर्षे मुख्यत्वे उद्योगाच्याच पैशावर व रॉबर्ट किहो या एकाच शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली चालला.

किहो यांचे प्रतिपादन असे होते : शिसे निसर्गातच असते, मानवी शरीर त्याच्याशी जुळवून घेते, रक्तातील प्रमाण विशिष्ट मर्यादेखाली (१०० मिलि.मध्ये ८० मायक्रोग्रॅम) असेल तोवर अपाय नाही, आणि अपाय आहे असे म्हणणाऱ्यांनी तो सिद्ध करून दाखवावा. मेक्सिकोतील एका खेड्यातील, कारखान्यांपासून दूर राहणाऱ्या लोकांच्या मूत्रातही शिसे सापडले, हा त्यांचा एक आधार होता. ते लोक शिशाची झिलई दिलेल्या भांड्यांत जेवत असत. सिद्धतेची जबाबदारी अशा रीतीने विषाच्या उत्पादकाकडून त्याला बळी पडणाऱ्याकडे सरकली. वास्तविक प्रतिबंधाच्या दृष्टीने हा प्रश्न उलट विचारावयास हवा होता.

ही भूमिका हलविली ती वैद्यकातील कोणी नव्हे, तर भूरसायनवैज्ञानिक क्लेअर पॅटर्सन यांनी. उल्केतील शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय सु. ४५५ कोटी वर्षे असल्याचे त्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. या मापनात त्यांना सतत एकच अडचण येई. प्रयोगशाळेतील हवा, काच, पाणी, स्वतःचे केस व कपडे या सर्वांतून शिसे नमुन्यात उतरत असे. त्यांनी अतिशुद्ध प्रयोगशाळा उभारली आणि मग ही अडचण हाच अभ्यासविषय केला. १९६५ सालच्या लेखात त्यांनी दाखविले, की तत्कालीन अमेरिकन माणसाच्या शरीरातील शिसे नैसर्गिक प्रमाणाच्या सु. शंभरपट आहे, जे 'सर्वसामान्य' म्हणून मान्य झाले होते ते नैसर्गिक नव्हते. ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांवरील १९६९ च्या त्यांच्या संशोधनात इ. स. पू. ८०० पासून शिशाचे प्रमाण दोनशेपटींहून अधिक वाढल्याचे व त्यातील फार मोठी वाढ १९४० नंतरची असल्याचे दिसून आले. या कामाबद्दल त्यांना तेल उद्योगाकडून मिळणारे अनुदान गमवावे लागले आणि १९७१ मध्ये हवेतील शिशाविषयी नेमलेल्या राष्ट्रीय अभ्यासमंडळातही त्यांना घेण्यात आले नाही.

सुरक्षित मर्यादेचा प्रश्न : विषबाधेतून वाचलेले मूल पूर्ण बरे होते, हा समज बॉस्टन येथील बायर्स व लॉर्ड यांच्या १९४३ मधील पाहणीने डळमळला होता. 'बरी' म्हणून घरी गेलेल्या २० मुलांपैकी १९ मुले शाळेत मागे पडली होती. हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ मध्ये याही पुढचे पाऊल टाकले. कोणतेही लक्षण नसलेल्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात त्यांनी गोळा केले. रक्त अलीकडचा हिशेब सांगते, तर दातात अनेक वर्षांचे शिसे नोंदलेले असते. ज्यांच्या दातांत शिसे अधिक त्यांचा बुद्धिगुणांक सरासरीने चार-साडेचार अंकांनी कमी भरला आणि वर्गातील लक्षही कमी आढळले. एका मुलाच्या बाबतीत चार अंक नगण्य वाटतात. परंतु संपूर्ण लोकसंख्येची सरासरी तितकी खाली सरकली, तर मतिमंद मुलांची संख्या पुष्कळ वाढते व असामान्य बुद्धीच्या मुलांची तितकीच घटते. नीडलमन यांच्यावर पुढे वैज्ञानिक गैरवर्तनाचा आरोप झाला. चौकशीअंती त्यांतून ते मुक्त झाले व इतर देशांतील अभ्यासांनीही त्यांच्या निष्कर्षाला दुजोरा दिला.

मुलांच्या रक्तातील शिशाची चिंताजनक मानलेली पातळी अमेरिकेत दर १०० मिलि.स १९६० नंतरच्या दशकात ६० मायक्रोग्रॅम होती. ती १९७० च्या सुमारास ४०, १९७५ मध्ये ३०, १९८५ मध्ये २५, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ व २०२१ मध्ये ३.५ अशी उतरत गेली. शिसे या काळात अधिक विषारी झाले नव्हते. मापन सूक्ष्म झाले आणि कमी पातळीवरही हानी दिसू लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते निर्धोक म्हणता येईल अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही.

औषधोपचाराची मर्यादाही याच काळात उघड झाली. शिशाशी संयोग पावून ते मूत्रावाटे बाहेर काढणारी औषधे तीव्र विषबाधेत प्राण वाचवितात. परंतु ७८० मुलांवरील एका अमेरिकन प्रयोगात (२००१) असे दिसले, की अशा औषधाने रक्तातील शिसे उतरले तरी मुलांच्या बौद्धिक चाचण्यांत सुधारणा झाली नाही. त्यामुळे मेंदूची हानी होण्यापूर्वीच शिसे अडविणे, एवढाच खरा उपाय उरतो.

पेट्रोलमधील शिशाची पीछेहाट : यास प्रारंभ काहीसा आनुषंगिक कारणाने झाला. १९७० च्या अमेरिकन स्वच्छ हवा कायद्यानुसार मोटारींच्या धुरातील इतर प्रदूषके कमी करण्यासाठी १९७५ पासूनच्या गाड्यांना उत्प्रेरकी परिवर्तक बसवावे लागले आणि शिशामुळे ते निकामी होत असत. म्हणून शिसेविरहित पेट्रोल आवश्यक झाले. आरोग्याच्या कारणास्तव शिसे टप्प्याटप्प्याने घटविण्याचा नियम १९७३ मध्ये झाला. त्यास उद्योगाने न्यायालयात आव्हान दिले. वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने १९७६ साली, प्रत्यक्ष हानी सिद्ध होण्याची वाट न पाहता सार्थ धोका दिसताच शासन प्रतिबंधक उपाय योजू शकते, असा महत्त्वाचा निर्णय दिला. १९७६ ते १९८० या काळातील राष्ट्रव्यापी पाहणीत पेट्रोलमधील शिशाबरोबरच लोकांच्या रक्तातील शिसेही सु. ३७ टक्क्यांनी उतरल्याचे आढळले. दोन्ही आलेख जवळजवळ बरोबरीने खाली आले, तेव्हा वादाला फारशी जागा राहिली नाही. अमेरिकेत मोटारींसाठी असे पेट्रोल विकण्यास १९९६ पासून पूर्ण बंदी आहे. जपानने हा बदल त्यापूर्वीच, १९८० नंतरच्या दशकात केला होता. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००२ पासून उरलेल्या देशांत प्रयत्न केले व जुलै २०२१ मध्ये अल्जीरियातील विक्री थांबून मोटारींचे शिसेयुक्त पेट्रोल जगातून नाहीसे झाले. पिस्टन एंजिनांच्या लहान विमानांच्या इंधनात ते अजून वापरले जाते.

भारतात मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांत १ एप्रिल १९९५ पासून परिवर्तक असलेल्या नव्या गाड्यांसाठी शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध झाले आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. १९९७ ते १९९९ या काळात बंगलोर येथील एका संस्थेने मुंबईसह अनेक शहरांत केलेल्या पाहणीत तपासलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात दर १०० मिलि.स १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे सापडले होते. पेट्रोल बदलल्यानंतर काही वर्षांनी मुंबईतील मुलांत हे प्रमाण सु. एकतृतीयांशावर आले. घट मोठी असली, तरी उरलेले प्रमाण शिशाचे दुसरे उगम असल्याचे दर्शविते.

उरलेले उगम : जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक शिसे आता विद्युत् घटमालांत जाते. जुन्या घटमाला वस्तीतच फोडून उघड्या भट्टीत शिसे वितळविण्याचा धंदा अनेक गरीब देशांत चालतो. सेनेगलमधील डाकार शहराच्या एका उपनगरात यामुळे २००८ च्या सुमारास १८ मुले दगावली. नायजेरियातील झाम्फारा राज्यात २०१० साली शिसेयुक्त सोन्याचे खनिज घरांच्या अंगणात दळल्यामुळे ४०० हून अधिक मुले मरण पावली. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील सु. ८० कोटी, म्हणजे तिनांपैकी एका मुलाच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम वा अधिक शिसे असावे, त्यांपैकी सु. २७ कोटी ५० लाख मुले भारतातील आहेत.

भारतात घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम २०१६ मध्ये करण्यात आला व तो १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलात आला. पूर्वी रंगविलेल्या भिंती, खिडक्या व कठडे यांना मात्र तो लागू पडत नाही. असा जुना रंग कोरडा घासून काढल्यास धूळ उडून धोका उलट वाढतो, म्हणून तो ओला करून खरवडणे इष्ट ठरते. भांड्यांना कल्हई करताना शुद्ध कथिलाऐवजी शिसे मिसळलेले कथिल वापरल्यास चिंच, आमसूल, ताक अशा आंबट पदार्थांत शिसे उतरते. डेव्हनच्या घाण्यांत आंबट रसामुळे हेच घडत होते.

अन्नातील भेसळीच्या बाबतीत बांगला देशातील अनुभव उल्लेखनीय आहे. तेथे हळकुंडांना तेजस्वी पिवळा रंग यावा म्हणून ती शिशाच्या क्रोमेटने घोटीत असत. ग्रामीण भागातील गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसे का सापडते, याचा शोध घेताना संशोधक समस्थानिकांच्या साहाय्याने हळदीपर्यंत पोहोचले व २०१९ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. सरकारच्या अन्नसुरक्षा विभागाने बाजारपेठांत तपासणी सुरू केली, ढाक्याच्या मोठ्या बाजारात व्यापाऱ्यांना दंड झाले, वृत्तपत्रांतून व भित्तिपत्रकांतून प्रसार झाला. २०१९ साली बाजारातील हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे आढळले होते. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात ते आढळले नाही आणि हळद घोटणाऱ्या कामगारांच्या रक्तातील शिसेही उतरले.

जुन्या घटमाला उत्पादकांनीच परत घेऊन नोंदणीकृत केंद्रांत त्यांतील शिसे काढावे, असे बंधन भारतात २००१ च्या नियमांनी घातले व २०२२ च्या नियमांनी ते अधिक विस्तृत केले. तथापि जुनी घटमाला भंगारवाल्यास रोख किमतीला विकता येत असल्यामुळे तिचा प्रवास अनेकदा नोंदणीबाहेरच्या भट्टीकडे होतो. तेथे शिसे ओतणारा कामगार संध्याकाळी त्याच कपड्यांनी घरी जातो आणि कपड्यांवरील धूळ घरातील मुलांपर्यंत पोहोचते. अशा कामगारांसाठी कामाच्या जागीच स्नानाची व कपडे बदलण्याची सोय आणि भट्टी वस्तीपासून दूर नेणे, हे प्रतिबंधाचे पहिले उपाय मानले जातात.